ट्रंकेच्या तळाशी

आमची डोंबिवलीची इमारत १९८६ सालची. पुनर्विकासाला गेली तेव्हा घर रिकामं करायला सहा आठवडे मिळाले. त्यातले चार भाड्याची जागा शोधण्यातच गेले आणि अडतीस वर्षांचा संसार आवरायला हातात उरले जेमतेम चौदा दिवस. माझ्या हातून जे झालं ते या घाईत झालं. आता ठाण्यापासून बदलापूरपर्यंत गल्लोगल्ली इमारती पुनर्विकासाला निघाल्यात, म्हणजे अनेक घरांत हे चौदा दिवस येणार आहेत. म्हणून लिहिते.

माळ्यावर सासूबाईंची हिरवी पत्र्याची ट्रंक होती. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ट्रंकेतल्या साड्या, दोन पितळी डबे, पूजेची ताम्हनं असं सगळं मी बाहेर काढलं. तळाशी वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. पिवळं पडलेलं, कडांना गंजाचे डाग पडून पत्र्याला चिकटलेलं. मी आतून हात फिरवला, काही लागलं नाही. खाली भंगारवाला उभाच होता. रद्दीच्या गठ्ठ्यांबरोबर ट्रंकही गेली.

दहा दिवसांनी सोसायटीतून निरोप आला. करारासाठी प्रत्येकाने मूळ शेअर सर्टिफिकेट आणि खरेदीचा मूळ करारनामा आणून दाखवायचा होता. सासरे गेल्यावर जागा सासूबाईंच्या नावावर झाली होती, त्यांच्यानंतर आमचं नाव लावायचं राहून गेलं होतं. कपाटातली फाईल काढली तर आत दोन्हींच्या फक्त झेरॉक्स. यजमान थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आई मूळ कागद ट्रंकेत ठेवायची. तळाच्या पेपराखाली."

आम्ही तसेच भंगारवाल्याकडे धावलो. ट्रंक ठोकून चपटी झाली होती, दहाबारा पत्र्यांच्या थप्पीत तिचा हिरवा रंग तेवढा ओळखू आला. त्या माणसाने आमच्याबरोबर तासभर गोणी उपसल्या. "ताई, कागद वेगळा काढतो आम्ही. तो टेम्पो सोमवारीच गेला," म्हणाला. त्याचा काय दोष?

पुढचे दोन महिने कसे गेले ते सांगते, कारण हीच वेळ आलेल्याला कुठून सुरुवात करायची ते सुचत नाही. आधी पोलीस ठाण्यात कागद हरवल्याची तक्रार नोंदवून तिची पोच घेतली. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. मग सोसायटीला अर्ज आणि स्टँप पेपरवर नुकसानभरपाईचा बाँड, म्हणजे उद्या कोणी मूळ सर्टिफिकेट घेऊन उभा राहिला तर जबाबदारी आमची. तेव्हा कुठे दुय्यम सर्टिफिकेट मिळालं. करारनामा नोंदणीकृत होता, म्हणून त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळू शकली. मात्र तिथे पहिला प्रश्न येतो दस्त क्रमांक आणि वर्षाचा. झेरॉक्सच्या पहिल्या पानावरचा शिक्का अर्धाच उठला होता. क्रमांक सापडला सोसायटीच्या जुन्या फाईलमधल्या दुसऱ्या झेरॉक्सवर. तुमच्याकडे करारनामा असेल तर आजच त्यावरचा दस्त क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचं नाव वहीत उतरवून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि सूची क्रमांक २ ची प्रत जवळ ठेवा. कागद गेला तरी क्रमांक असला की वाट सापडते.

आमच्या आधीच्या पिढीने बँकेच्या लॉकरवर कधी फारसा भरवसा ठेवला नाही. त्यांचे लॉकर घरातच होते. ट्रंकेच्या आणि कपाटाच्या खणांच्या तळकागदाखाली, देवाच्या तसबिरीच्या मागच्या पुठ्ठ्यात, गादीच्या खोळीत, जुन्या पंचांगात, डाळीच्या डब्यात पुरचुंडी करून. म्हणून ज्येष्ठांची कुठलीही वस्तू दाराबाहेर जाण्याआधी तळकागद उचला, खोळ उसवा, फ्रेमचे खिळे काढा, पुस्तकं पुठ्ठ्याला धरून उलटी झटका. आणि रद्दी उतरत्या संध्याकाळी देऊ नका. दमलेले डोळे फक्त गठ्ठे बघतात.

कंपन्यांची जुनी कागदी शेअर सर्टिफिकेटं निघाली तर ती बाजूला ठेवा. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात, पण वारसांना तिथूनही ते रीतसर मागता येतात. कंपनीचं नाव बदललं असेल, ती दुसरीत विलीन झाली असेल, म्हणून कागद निकामी ठरत नाही.

ट्रंकेतल्या साड्यांचं मात्र मनाला जास्त लागलं. त्यात एक जांभळा शालू होता, घडीवर चिरलेला. जुन्या जरीच्या साड्या घेणारा दारावर आला आणि त्याने सांगितलेल्या पैशांत मी तो देऊन टाकला. पूर्वीच्या खऱ्या जरीत चांदी असते. हे लोक साड्या जाळून ती काढतात, त्यामुळे काठापदराचं वजन न करता दिलेला भाव त्यांच्याच फायद्याचा असतो. जरी खरी की खोटी, हे सराफाकडून कसोटीवर घासून कळतं. पण मला लागलं ते पैशांचं नाही. जागेच्या हक्कसोडपत्रावर सही करायला वन्सं सांगलीहून आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "अगं, आईचा जांभळा शालू कुठल्या बॅगेत ठेवलायस? माझ्या बारशाचा आहे तो." मी खरं ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निबंधकांच्या कार्यालयात त्यांनी एवढ्या मोठ्या हक्कावर एका मिनिटात सही केली, आणि त्या शालूबद्दल मात्र मी त्यांना एका फोनवर विचारू शकले असते.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. गेलेल्या माणसाची वस्तू असली की आधी फोटो काढून घरच्या सगळ्यांना पाठवते आणि आठ दिवस थांबते. बहुतेक वस्तू कोणालाच नको असतात. एखादी कोणाची तरी असते, आणि ती कुठली ते आपल्याला ओळखता येत नाही.

उरलेल्या सुती साड्यांची गोधडी करून घेतली. कल्याणच्या एक मावशी शिवतात, त्यांच्याकडून थोडं शिकलेही. साड्या आधी धुवून खळ पूर्ण काढायची, नाहीतर सुई अडते. विरलेल्या साड्या मधल्या थरांना, धडक्या वरखाली. नायलॉन-पॉलिएस्टर यात घालायचं नाही. धुतल्यावर सुती कापड आटतं, ते आटत नाही, आणि गोधडीला चुण्या पडतात. मावशी कडेपासून धावदोरा घालत चौकोनातून चौकोन आत आत नेतात, मध्यावर येऊन दोरा संपवतात. टाके सगळे सारखे नाहीत, तरी मी रात्री पांघरते तेव्हा बोटं त्यांवरून फिरतातच.

पितळी डबे आणि एक पातेलं ठेवलं, बाकीची भांडी दिली. ठेवलेली शोभेला ठेवली नाहीत. पातेल्याला कल्हई लावून घेतली. कल्हईवाल्याने ते भट्टीवर तापवलं, नवसागर भुरभुरला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आतून टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात चंदेरी पाणी सगळीकडे पसरवलं. आतला पिवळा रंग पुन्हा दिसू लागला की कल्हई गेली समजायचं. हे सांगते कारण हल्ली जुनी पितळी भांडी हौसेने बाहेर काढून त्यात थेट आमटी करतात. बिनकल्हईच्या भांड्यात चिंच, आमसूल, ताक कळकतं, आणि कळकलेलं पोटात जाणं बरं नाही. घंगाळात झाड लावायचं असेल तर बुडाला भोक पाडू नका. आत कुंडी ठेवा, घंगाळ जसंच्या तसं राहतं.

काही वस्तूंना मात्र दुसरा जन्म देऊ नये. रंगाचे नि औषध फवारणीचे डबे कितीही धुतले तरी त्यात धान्य किंवा पाणी भरू नका. वायर उघडी पडलेला मिक्सर कामवाल्या बाईंना देऊन मोकळे होऊ नका. आपल्या घरात जो धोक्याचा आहे तो त्यांच्या घरातही धोक्याचाच. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, तिच्यात शिसं आणि आम्ल असतं. जुना डब्यासारखा टीव्ही, ट्यूबलाइट, पाऱ्याचं थर्मामीटर रद्दीच्या गोणीत घालू नका, टीव्ही आणि ट्यूबलाइट पालिकेच्या ई-कचरा संकलनात द्या, थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात वेगळं द्या. जुन्या मोबाइलमधला मजकूर पुसून मगच तो बाहेर काढा.

आणि पुढे कधीतरी काहीतरी करू म्हणून ठेवलेल्या वस्तूंना तारीख लावा. मी काचेच्या चौदा बरण्या ठेवल्या होत्या. महिन्याभरात पाचांत मसाले भरले, नऊ दिल्या. पलंगाच्या सागवानी फळ्यांचं शेल्फ सुताराने एका दिवसात केलं, कारण फळ्या जिन्यात होत्या आणि शेजाऱ्यांना अडचण होत होती. बाहेर समोर असतं तेवढंच पुरं होतं. माळ्यावर गेलं की ते पुढच्या पिढीचं काम होतं.

भाड्याच्या घरात माळा नाहीच. मधल्या खोलीत सासूबाईंची दोन खोकी अजून तशीच बांधलेली आहेत. एकात पत्रं आहेत बहुतेक, वरून सुतळी त्यांच्याच हातची, दुहेरी गाठीची. वन्सं दिवाळीनंतर चार दिवस राहायला येणार आहेत. त्या आल्या की सोडू.