लघुग्रहाची टक्केवारी



आमच्या हिंदी पुस्तकात ज्याला क्षुद्रग्रह म्हणत, तो लघुग्रह. असा एक लघुग्रह, '२०२४ वायआर४', २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील दुर्बिणीला दिसला. तो २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ ला नासाने ३.१ टक्के सांगितली. धोक्याच्या पट्ट्यात दक्षिण आशियाही होता, त्यामुळे भीती वाटणे साहजिकच.

हे गणित आपण सोपे करून पाहू. निरीक्षणे थोडी असली की लघुग्रहाची वाट नेमकी कळत नाही. तो कुठून जाऊ शकेल याचा एक लांब पट्टा मिळतो. समजा, त्या पट्ट्यात ओळीने १०० पृथ्व्या मावतात, त्यांतली एक आपली. शक्यता १ टक्का. नवीन निरीक्षणांनी पट्टा ३२ पृथ्व्यांएवढा झाला, आपली पृथ्वी अजून आतच. १०० ला ३२ ने भागा: सुमारे ३.१! लघुग्रहाची वाट तीच होती. आपली माहिती तेवढी वाढली. पुढे पट्टा आणखी आखडला, पृथ्वी बाहेर राहिली. २४ फेब्रुवारीला आकडा ०.००४ टक्क्यांवर आला.

पालकांनी अशी बातमी आली की मुलांना हा पट्टा कागदावर काढून दाखवावा, ही विनंती.