दोघांनीच सहलीला जावं का?

प्रश्न : लग्नाला बारा वर्षं झाली. बोलणं मुलांची फी आणि किराण्यापुरतंच उरलंय. दोघंच फिरायला गेलो तर फरक पडेल?

उत्तर : पडेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जोडप्यांची मनगटं नि घोटे एकमेकांना बांधून, मधली उशी न पाडता रांगायला लावलं. असं काही नवं मिळून केलेल्यांना आपलं नातं अधिक समाधानाचं वाटलं. म्हणून सगळं आयतं देणारी टूर नको. मांडवी एक्स्प्रेसनं रत्नागिरीला उतरा, पुढे एसटीनं गणपतीपुळे. रस्ता दोघांनी मिळून विचारा. खर्चाचा आकडा मात्र निघण्याआधीच ठरवा. जुना अबोला असेल, तर सहलीवर विसंबू नका, समुपदेशकाला भेटा. आणि मुलांना आजीकडे ठेवताना कृपया अपराधी वाटून घेऊ नका.