तिलकालक, मशक आणि प्रकाशपरीक्षा

सुश्रुतसंहितेत तिलकालक व मशक क्षुद्ररोगांत गणले असून त्यांवर क्षार व अग्निकर्म सांगितले आहे. परंतु प्रत्येक काळा डाग तीळच असतो असे नव्हे.

डागाची पारख प्रकाशाने करणारे उपकरण आता उपलब्ध आहे. त्याचे टोक डागावर टेकविले असता प्रकाशाचे स्पंद त्वचेत शिरतात व पेशींवरून विखुरतात. पेशी व केंद्रकांची रचना बिघडली असल्यास परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट बदलतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये 'डर्मासेन्सर' या अशा उपकरणास मान्यता दिली. प्रमुख चाचणीत त्याची संवेदनशीलता सुमारे ९६ टक्के, विशिष्टता मात्र सुमारे २१ टक्केच आढळली. म्हणजे कर्करोग सहसा निसटत नाही. पण निरुपद्रवी डागही पुष्कळदा संशयित ठरतात. अंतिम निर्णय बायोप्सीचाच.

उपकरण नसले तरी बोध आपणांस लागू आहे. डाग वाढत असेल, त्याचा रंग वा कडा बदलत असतील, त्यातून रक्त येत असेल, किंवा तो तळहात, तळपाय अथवा नखाखाली नव्याने उमटला असेल, तर क्षार वा अग्निकर्म करू नये. त्याने परीक्षणयोग्य ऊतकच नष्ट होते व निदान लांबते. अशा रुग्णास आपण प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधालयचालकांनीही केवळ लेप देऊन त्याची बोळवण करू नये.