परत गेलेले रक्तदाते



शाळेच्या रक्तदान शिबिरात काही माता मोठ्या उत्साहाने आल्या. पण हिमोग्लोबिन कमी निघाल्याने त्यांना परत जावे लागले. परीक्षेत नापास झाल्यासारख्या त्या मान खाली घालून निघाल्या. चहा-बिस्किटे व प्रमाणपत्र आम्ही फक्त रक्त दिलेल्यांनाच दिले. ही आमची चूक झाली.

लक्षात ठेवा: दात्याचे वय किमान १८ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. हे नियम दात्यालाही जपतात. लोहाची कमतरता असेल, तर हा नकार कायमचा नसतो. उपचारानंतर रक्तदान करता येते.

मुलांनो, सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या आईच्या ताटात काय उरते, ते आज पाहा.