वाइनद्राक्षांच्या वेलीचे वळण व लागवडीतील अंतर

खाण्याच्या द्राक्षांसाठी मांडव पद्धत नाशिक भागातील बागाईतदारांच्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु वाइनसाठी केवळ घडांचे वजन पाहिले जात नाही. रसातील साखर, आंबटपणा, सालीचा रंग व सुवास यांवर मालाची प्रत ठरते. करारात साखरेचे प्रमाण ठरलेले असेल, तर ते न भरल्यास वजन भरपूर असूनही नुकसान होते. म्हणून वेलीस वळण देताना प्रकाशाचा विचार प्रथम केला पाहिजे.

पान आपल्यावर पडणाऱ्या उपयुक्त प्रकाशाचा नऊदशांशाहून अधिक भाग शोषून घेते. त्याखालील दुसऱ्या पानास अल्प प्रकाश मिळतो व तिसऱ्यास जवळजवळ मिळतच नाही. दाट सावलीतील घडांत साखर व रंग कमी भरतो आणि भुरी रोगास वाव मिळतो. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर वाढणाऱ्या काड्यांवर सावली पडल्यास डोळ्यांत घड कमी तयार होतात. त्यामुळे ऑक्टोबर छाटणीनंतरचे उत्पन्नही घटते.

अंतराबाबत एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. दोन ओळींत अडीच मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी 4,000 मीटर लांबीची ओळ मिळते. वेली सव्वा मीटरवर लावल्यास त्यांची संख्या 3,200 व एक मीटरवर लावल्यास 4,000 होते. परंतु फुटवे ठेवण्याची जागा तेवढीच राहते. ओलांड्याच्या दर मीटरला सुमारे 15 फुटवे पुरेसे होत. वेली दाटीने लावून त्याहून अधिक फुटवे राखले, तर केवळ सावली वाढते. भारी जमिनीत वेल जोमाने वाढते, म्हणून तेथे दोन वेलींत अधिक अंतर द्यावे. हलक्या जमिनीत ते कमी चालते. पानांच्या भिंतीची उंची ओळींमधील अंतरापेक्षा अधिक नसावी, अन्यथा शेजारच्या ओळीचा खालचा भाग झाकला जातो.

वाइनद्राक्षांसाठी ओलांडा जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर तारेवर बांधून फुटवे वरच्या जोडतारांमधून सरळ उभे वळविण्याची पद्धत उपयुक्त आहे. ओळी उत्तर-दक्षिण ठेवाव्यात. घडांजवळील पाने पूर्वेच्या बाजूनेच विरळ करावीत. पश्चिमेची पाने राखावीत, कारण दुपारच्या कडक उन्हाने मणी भाजतात व रंग बिघडतो.

एक घड नीट पिकण्यास साधारणपणे 10 ते 15 निरोगी पाने लागतात. त्या मानाने जादा घड लवकर काढून टाकावेत. मात्र घड फारच कमी ठेवल्यास वेलीचा जोम फुटव्यांत जाऊन दाटी पुन्हा वाढते. सारांश, भार कमी करणे हे ध्येय नसून पाने व घड यांचा मेळ राखणे हे ध्येय होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील प्रयोग बागेतच करून दाखवावा. घडांच्या उंचीवर एक बारीक काडी पानांच्या भिंतीतून आरपार घालावी व ती किती पानांस लागते ते मोजावे. निरनिराळ्या 20 ठिकाणी असे करावे. सरासरी एक ते दीड पान लागल्यास वळण योग्य आहे असे समजावे. तीन किंवा अधिक पाने लागल्यास फुटव्यांची विरळणी विलंब न लावता करावी.