गर्भातील बाळाचे डोळे आणि मद्य

'आपल्याकडच्या बायका दारू पितात कुठे, मग हा विषय कशाला?' असे काही वाचक म्हणतील. पिणाऱ्या थोड्या आहेत हे खरे. पण जेथे वाळूजला बिअर तयार होते त्या आपल्या जिल्ह्यात 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' असे मानणारे मात्र पुष्कळ आहेत. हिशेबच करू. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५ टक्के अल्कोहोल धरले तरी ते सुमारे ३२ मिलिलिटर होते. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये ते २६ मिलिलिटरच्या आसपास असते. 'स्ट्राँग' बिअरचा हिशेब वाचकांनीच करावा.

गरोदर स्त्रीने घेतलेले मद्य वारेतून सरळ गर्भाच्या रक्तात उतरते. गर्भाचे यकृत अपक्व असल्यामुळे त्याचा निचरा लवकर होत नाही. १९६८ मध्ये फ्रान्समधील डॉ. पॉल लेमोइन यांनी मद्यपी पालकांच्या १२७ मुलांच्या व्यंगांची नोंद केली, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत सिएटल येथील डॉक्टरांनी अशाच मुलांचे वर्णन केले, तेव्हा कुठे या विकाराला नाव मिळाले.

या मुलांचे डोळे आडव्या मापाने लहान दिसतात, वरचा ओठ पातळ असतो, आणि नाकाखालून ओठापर्यंत येणारी उभी पन्हळ जवळजवळ सपाट असते. असे का व्हावे? चेहरा घडवणाऱ्या बऱ्याच पेशी मेंदूच्या कडेपासून निघून आपापल्या जागी पोहोचत असतात. मद्यामुळे त्यातील अनेक वाटेतच मरतात. डोळा तर मेंदूचाच फुटवा. त्याची सुरुवात गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते. म्हणजे पाळी चुकून आठवडा होतो न होतो, आणि बाईला दिवस गेल्याची कल्पनाही नसते, तेव्हाच हे नाजूक काम सुरू झालेले असते. म्हणून मूल व्हावे अशी इच्छा धरल्या दिवसापासून मद्य वर्ज्य करावे. 'इतके चालेल' असे सुरक्षित प्रमाण कोणालाही सांगता आलेले नाही.

चेहऱ्यावरच्या खुणा वाढत्या वयात पुसट होऊ शकतात. डोळ्याच्या आतले नुकसान मात्र कुणाला दिसत नाही. स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ केर्स्टिन स्ट्रॉमलँड यांना अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस अपुरी वाढलेली आढळली. याशिवाय तिरळेपणा, पापणी खाली पडणे, मोठ्या नंबरचा चष्मा. असे मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवते आणि 'ढ' म्हणून मागच्या बाकावर जाते, तिथून तर त्याला आणखीच कमी दिसते! मद्याचा मेंदूवरही परिणाम होत असल्याने अभ्यासात ते खरोखर मागे असू शकते, पण म्हणून डोळे तपासायचेच नाहीत हे कुठले शहाणपण?

अपुरी नस औषधाने किंवा शस्त्रक्रियेने वाढत नाही. तिरळेपणा व नंबर यांवर मात्र उपाय आहेत, आणि ते सात-आठ वर्षांच्या आत झाले तर डोळा मंद होण्याचे टळू शकते. अंगणवाडीत व शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना शंका जरूर सांगा. घाटी रुग्णालयातही नेत्रविभाग आहे.

एक खबरदारी. लहान डोळे किंवा पातळ ओठ दिसले म्हणजे आई पीत असे, असा तर्क कोणी करू नये. घराण्याची ठेवणही तशी असते. उलट मद्याचा परिणाम झालेल्या पुष्कळ मुलांचा चेहरा अगदी चारचौघांसारखा असतो.

दिवस गेल्याचे कळण्याआधी मद्य घेतले गेले असेल तर घाबरून जाऊ नये. प्रत्येक बाळाला व्यंग येतेच असे नाही. आजपासून बंद करावे आणि डॉक्टरांपासून लपवू नये. मेंदूची वाढ नऊही महिने चालू असते, त्यामुळे थांबण्याचा फायदा केव्हाही होतोच. घरातल्या पुरुषांनी या काळात बाटली घरात आणू नये. सर्दीवर म्हणून चमचाभर ब्रँडी देणाऱ्या सासूबाईंनाही हे वाचून दाखवावे. आसवे व अरिष्टे यांत आंबवण्यामुळे अल्कोहोल तयार झालेले असते. तेव्हा गरोदरपणी तीही वैद्यांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.