लॉनमधील तण : औषध केव्हा, खुरपे केव्हा?

शादीच्या लॉनचा धंदा आता आपल्या बिरादरीतही चांगलाच वाढला आहे. पण आम्ही पाहतो की, मालकाला तण आठवते ते दिवाळीनंतर, पहिले बुकिंग जवळ आल्यावर. तोवर तणाने बी टाकलेले असते. यंदाची मजुरी तर जातेच, पण पुढच्या साली तीच पुन्हा द्यावी लागते. पावसाळ्यात लॉन रिकामे म्हणून आपण तिकडे फिरकत नाही, आणि तणाचा मोसम नेमका तोच.

काही मालक मोहरम-रमजानात लग्ने कमी म्हणून साफसफाई त्या महिन्यांत ठेवतात. हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात, हे विसरू नये. तणाचा हिशेब मृगावरच ठेवावा.

बियांपासून उगवणारे पावसाळी गवत रोखायचे तर पेंडिमिथॅलिनसारखे औषध पावसाच्या तोंडावर, बी उगवण्यापूर्वी पडले पाहिजे. नंतर मारले तर पैसे मातीत. नुकत्याच लावलेल्या लॉनवर ते मारूच नये. गाजर गवत (१९५५ साली पुण्यात दिसले, आज कुठे नाही?) फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. त्याने अंगाला खाज सुटते, दमाही होतो. मजुराला हातमोजे मालकाने द्यावेत, त्याचे पैसे मजुरीतून कापू नयेत. घोळ उपटून तिथेच टाकली तर पुन्हा मूळ धरते.

खरा वैरी लव्हाळा. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरून खुडला की खालची गाठ फुटते. तीन-चार पानांवर असताना, नव्या गाठी धरण्याआधी हॅलोसल्फ्युरॉनसारखे औषध उपयोगी पडते, पण पुन्हा फुटवा आला तर पुन्हा मारावे लागते. एका फवाऱ्यात संपवतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नये. भरावाची माती घेतानाही गाठी पाहाव्यात; पुष्कळदा लव्हाळा ट्रॅक्टरमधूनच येतो.

रुंद पानांच्या कोवळ्या तणावर टू-फोर-डी चालते. मात्र शेजारी कपाशी किंवा द्राक्षे असतील तर वाऱ्याने उडालेल्या थोड्या तुषारानेही त्यांची पाने मुरडतात. आम्ही कापडवाले कापसावरच जगतो, आणि पडोशाचा हक्क तर सर्वांनाच ठाऊक आहे. अशा जागी खुरपेच बरे. बाकी ठिकाणी वारा नसलेली कोरडी सकाळ पाहून, डब्यावरील प्रमाणानेच फवारावे आणि पाने वाळेपर्यंत मुलांना आत सोडू नये.